वडवणीत कंपोझिटर पाहिजे

मी, गीताबाई आश्रुबा निपटे, वय पंचाहत्तर, धंदा छापखाना, राहणार वडवणी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, ते बरेच झाले. माझ्यावर कुणाचा दाब नाही. पुतण्या सुग्रीव दाबायला बघतो, पण ते त्याला जमलेले नाही. वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात 'सदर' आणि 'उपरोक्त' इतके होते की मला माझेच घर ओळखू येईना, म्हणून तो बाजूला ठेवला. आयुष्यभर लोकांचे मजकूर जुळवले, हा एवढा माझा.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे माझा मुलगा मुंजाजी याच्या नावे होते. ते आता रद्द समजावे. का, ते पुढे लिहिले आहे.

कलम पहिले. घर आणि जागा.

बाजाराच्या रस्त्यावरचे घर, पुढे छापखाना आणि मागे राहायच्या दोन खोल्या, हे माझ्या मालकांनी, कै. आश्रुबा यांनी घेतलेले. ते गेल्यावर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर दोन नावे लागली, माझे आणि मुंजाजीचे. म्हणजे अर्धे माझे. माझ्या अर्ध्याचे काय करायचे ते मी खाली सांगते. मुंजाजीच्या अर्ध्याला कुणी हात लावू नये.

सुग्रीवला हे पटत नाही. त्याचे खताचे दुकान आमच्या भिंतीला लागून आहे आणि त्याला ते वाढवायचे आहे. तो म्हणाला, "काकू, कोर्टात एक अर्ज टाकू. सात वर्सं मानसाचा पत्ता नसला की कायदा त्याला मयत धरतो. इथं तर चाळीस झाली."

मी म्हणाले, "कायद्यानं धरावा. मी कशापायी धरू?"

तर म्हणतो, "उगं आशेवर बसून काय फायदा हाय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सुग्रीवा, तुझ्या पोराला बारावीला असताना होस्टेलातून यायला एक रात्र उशीर झाला, तेव्हा तू बीडपर्यंत मोटारसायकल पिटाळली होतीस. ती आठव आणि मग माझ्याशी बोल. मी असेपर्यंत तो अर्ज होणार नाही, आणि मी गेल्यावर झाला तर हे मृत्युपत्र कोर्टापुढे ठेवावे. त्यात त्याच्या आईने त्याला कुठेही मयत म्हटलेले नाही.

कलम दुसरे. मुंजाजी.

वकील म्हणाले, मृत्युपत्रात हकिगत लिहायची नसते. पण हकिगत कळल्याशिवाय वाटणी कळणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात रॉकेल मिळत नव्हते. छापून झाल्यावर खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, रॉकेलने धुवायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत सोडायचे, ही आमची रीत. न धुता सोडले तर शाईने सगळा खण चिकटतो. म्हणून त्या वर्षी छापून झालेला मजकूर आम्ही सोडतच नव्हतो. सुतळीने बांधून तसाच फळीवर ठेवायचा आणि पुढचे तसलेच काम आले की त्यातली नावे बदलून छापायचे. सगळे छापखाने तेच करत होते.

सोसायटीचे चेअरमन आप्पा यांच्या मुलाची लग्नपत्रिका आम्हीच छापली होती. नवरी चतुरा. लग्नाला वर्ष झाले नाही तोच पोरगी विहिरीच्या तळाला वाटीवाटीने पाणी भरताना कडा ढासळून गेली. पुढच्या उन्हाळ्यात आप्पांनी मुलाचे दुसरे लग्न ठरवले. आमच्या मालकांनी मुंजाला सांगितले, जुनी पत्रिका बांधलेली आहे, तीच घे. मुंजा तेव्हा सतरा वर्षांचा. त्याने तिथी बदलली, गाव बदलले, सोयऱ्यांची नावे बदलली. नवरीचे नाव बदलायचे राहिले. मालकांनी न वाचताच मशीनवर चढवले, आणि पत्रिका वाटल्याही गेल्या. एक चतुराच्या माहेरी पोचली. तिच्या आईला ती कुणीतरी वाचून दाखवली.

आप्पा माणसे घेऊन छापखान्यात आले. ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आश्रुबा, माजी मेलेली सून तू मांडवात आनलीस रं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आमच्या मालकांनी त्या सगळ्यांच्या देखत मुंजाला मारले आणि तोंड दाखवू नको म्हणाले. मी मागच्या खोलीत भाकरी करत होते. पीठ लागलेल्या हाताने बाहेर आले तोवर पोरगा रस्त्याला लागला होता. त्याच्या हातात खिळे जुळवायची त्याची पट्टी होती, बाकी काही नाही. मला वाटले संध्याकाळी येईल.

मालकांनी सगळीकडे शोधले. दुष्काळी कामांवर गेले, खडी फोडणाऱ्यांच्या रांगांतून फिरले, धारूरच्या घाटात, कडा गावाकडे, जिथे रस्ता चालू असेल तिथे. तिसऱ्या वर्षी ते गेले. डॉक्टर म्हणाले काळीज. मला माहीत आहे काय ते.

कलम तिसरे. संघ.

दुष्काळ सरल्यावर आमच्या भागातल्या छापखानेवाल्यांनी बालाघाट मुद्रक संघ काढला. एकट्याला कागद महाग पडायचा, म्हणून सहकाराने एकत्र घ्यायचा. संघाचे महिन्याचे वार्तापत्र आमच्या ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या मशीनवर, निघे. कुठल्या कारखान्याला उसाच्या पावत्या छापून हव्यात, कुठल्या सोसायटीची निवडणूक आहे आणि मतदारयादीचे काम निघणार आहे, कोण जुने मशीन विकतो, औरंगाबादला प्रशिक्षण कधी, हे सगळे त्यात. शेवटी 'संधी' असे सदर. ते वार्तापत्र पोस्टाने पुण्या-सोलापूरच्या छापखान्यांतही जायचे. खिळे जुळवणारे कंपोझिटर लोक दुसरे काही वाचोत न वाचोत, 'संधी' वाचतात.

मुंजा कुठेही असला तरी छापखान्यातच असणार. खिळ्यांना लागलेला हात दुसरीकडे रमत नाही. म्हणून मी त्या सदरात दर महिन्याला एक जाहिरात घालत आले. ती अशी: "वडवणीत कंपोझिटर पाहिजे. राहणे-जेवणे घरीच. चूक झाली तरी चालेल."

संघाच्या बैठकीत लोक हसले. कुणी म्हणाले, "बाई, चुका चालतील असा छापखाना आमी बघितला न्हाई." हसू दे. ज्याला कळायचे त्याला कळावे एवढेच होते. पुढे वार्तापत्र बीडला ऑफसेटवर निघू लागले, तरी मी जाहिरात पाठवत राहिले.

संघाविषयी माझा राग एकच. सभासदांच्या यादीत मला कायम "कै. आश्रुबा निपटे यांच्या पत्नी" असे छापले, आणि ती यादीसुद्धा मीच जुळवायची. वार्तापत्राचे सगळे जुने अंक संघाला द्यावेत. राग माझ्याबरोबर येईल.

कलम चौथे. म्हाळू.

ती जाहिरात वाचून बरेच जण आले. बहुतेक एखादा हंगाम टिकले. म्हाळू आला तो राहिला. कडा गावाच्या बाजूला एका छापखान्यात होता, तिथून हाकललेला, त्याआधी आणखी एकीकडून. दारात उभा राहून म्हणाला, "बाई, चूक झाली तरी चालंल असं छापलंय. खरं हाय का?"

मी म्हणाले, "जेवलास का?"

तिसेक वर्षे झाली असतील. चुका त्याने लई केल्या. एका सरपंचाचा फोटो उलटा छापला. पण माझ्या गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हापासून ट्रेडल त्याने एकट्याने ओढले. कामे कमी झाली, संगणकवाले आले, तरी तो कुठे गेला नाही. त्याची बायको सिंधुबाई माझे केस विंचरून देते. यंदा पुन्हा पाऊस नाही. दोन वर्षांमागे नवे बूट घ्यायचे ठरले होते त्याचे, अजून घेतले नाहीत, आणि छावणीतल्या जनावरांच्या चाऱ्याच्या पावत्या छापून आमची चूल चालते. टँकर आला की हांडे घेऊन पहिल्यांदा तो माझे पाणी भरतो, मग त्याचे.

आमच्याकडे वार्तापत्र निघत होते तोवर माझी जाहिरात दर महिन्याला म्हाळूच छापायचा. पुढे बीडहून अंक आला की दुपारी मला वाचून दाखवायचा. मागच्या महिन्यात 'संधी' वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "बाई, माजी जागा अजून रिकामीच हाय का?"

रागाने नाही म्हणाला. सहज विचारले, जसे मीठ आहे का विचारावे. तो उठला आणि टँकरच्या रांगेत हांडा लावायला गेला. मी तिथेच बसून रडले. त्या दिवशी मी जुने मृत्युपत्र फाडले.

म्हणून लिहून ठेवते. छापखाना, ट्रेडल, सगळे खिळे, कागद कापायचे यंत्र, गिऱ्हाईक आणि घराचा माझा अर्धा हिस्सा म्हाळूचा. त्याच्यामागे सिंधुबाईचा. तो कारागीर म्हणून राहिला, पण मी त्याला मालक करून जाते. सुग्रीवने किंवा आणखी कुणी हरकत घेऊ नये. मुंजा कधी आलाच तर त्याचा अर्धा त्याच्यासाठी आहे, दोघांनी एका छपराखाली राहावे. दोघेही चुका करणारे आहेत, जमेल त्यांचे.

कलम पाचवे. माझे शेवटचे.

मडके म्हाळूने धरावे. सुग्रीव पुढे होईल, त्याला मागे चालायला सांगावे. खांदा मात्र त्याने द्यावा, पुतण्या आहे, पोटात माया आहे त्याच्या, ती फक्त दुकानाखाली दबली आहे. आंघोळीला एक हांडा पुरे. दहाव्याला माझ्या नावाने टँकर मागवू नये, छावणीत जनावरे तहानेली आहेत.

कलम सहावे. जाहिरात.

मी गेल्यावर वडवणीत कंपोझिटर नको आहे. ती जागा भरली, आणि ती कधीच भरली होती. संघाने ती जाहिरात बंद करावी.

तिच्या जागी एकदाच दुसरी घालावी. तिचे पैसे संघाने मागू नयेत, त्यांच्यासाठी मी पुष्कळ फुकट जुळवले आहे. म्हाळूने ती आमच्या खिळ्यांत हाताने जुळवून, प्रूफ बीडला न्यावे. मोठे टाईप घ्यावेत, मुंजा आता सत्तावन्न वर्षांचा असेल, डोळे गेले असतील. वरती नाव-गाव नको. एवढेच:

"मुंजा, आई गेली. काम नाही. तरी ये."

वरील सगळे मी वाचून पाहिले, समजून-उमजून सही करत आहे. साक्षीदारांना मी चहा पाजला आहे, दुसरे काही दिले नाही.

सही: गीताबाई आश्रुबा निपटे

साक्षीदार: बन्सी ज्ञानोबा मुंडे, शेजारी, वडवणी
साक्षीदार: बद्रीनाथ रामभाऊ काळे, संपादक, बालाघाट मुद्रक संघ वार्तापत्र

ठिकाण: वडवणी
दिनांक: ११ मे २०१३