दगड कुणी ठेवला

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. निवृत्त ग्रीकच्या मास्तराला कुत्रंही विचारत नाही असं तू म्हणायचीस. पण वाचनालयाच्या ग्रंथपालबाई स्वतः जिना चढून आल्या. महिना-दीड महिन्यात दोन भाषणं द्या म्हणाल्या, विषय तुमचा, खुर्च्या आमच्या. प्राचीन ग्रीक थडग्यांवर कोरलेल्या कवितांवर बोलावं असं मनात आहे. दोन-चार ओळींच्याच असतात. बहुतेकींत मेलेलं माणूस रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून बोलतं.

तुझी भिंगरी गेली तेव्हा कानाला खडा लावला होता, की पुन्हा व्यासपीठावर चढायचं नाही. त्याला अकरा वर्षं झाली. म्हणून तुला विचारल्याशिवाय बाईंना होकार दिलेला नाही. तुला चालणार असेल तर आपली जुनी पद्धत चालू करू. मी शब्दाला शब्द ठेवून ओबडधोबड अर्थ पाठवतो, तू त्याची कविता कर. नियमही तोच, मुळात नाही ते घालायचं नाही. बारा कविता सोबत आहेत. शेवटची एका लहान मुलीची आहे. ती नाही केलीस तरी हरकत नाही.

माया पूर्वीइतकी असू दे.

तुझा दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. अकरा वर्षांत तू पहिल्यांदा माझ्या लेकीचं नाव कागदावर लिहिलंस. मी पत्र दुमडून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासली. एकही चूक सुटली नाही, हे अभिमानाने सांगते.

भाषणं जरूर दे. घरात बसून भिंतींना ग्रीक शिकवण्यापेक्षा ते बरं. फक्त तो कोपर फाटलेला कोट घालू नकोस, नाहीतर तुलाच कुठूनतरी उकरून काढलंय असं लोकांना वाटेल.

बाराही कविता केल्या आहेत. तो म्हातारा खलाशी फार आवडला, मेल्यावरसुद्धा वाऱ्याबद्दल कुरकुर करतो. मुलीची कविता एका बैठकीत झाली, एकही शब्द खोडावा लागला नाही. एरवी चार ओळींसाठी माझ्या नाकी नऊ येतात, तुला माहीतच आहे. पाकीट वेळेत पोचावं.

आहे तसाच जीव लावत राहा.

धाकटी

२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. पाकीट भाषणाच्याच दुपारी हातात पडलं. मुळाशी ताडून बघायला वेळ नव्हता, आणि तुझं लिहिलेलं तपासायची मला कधी गरज वाटली नाही. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, तेवीस माणसं आली. पुढच्या रांगेतले शिंपीकाका खलाशावर मनापासून हसले.

शेवटी मुलीची कविता घेतली. मुळात असं आहे, की वाटसरू, जरा थांब, इथे आठ वर्षांची मुलगी आहे, बापाने हा दगड तिच्या उंचीएवढाच घडवून ठेवला. तू बापाच्या जागी मामा लिहिलं आहेस. मी ते मोठ्याने वाचून बसलो आणि मग कळलं. पुढची ओळ न वाचताच कागद खाली ठेवला. मला कोरड पडली असं समजून ग्रंथपालबाईंनी पाणी आणलं.

ही चूक आहे की तू दिलेला निकाल आहे, ते मला सांग. त्या दिवशी तापलेली पोर शेजारणीच्या भरवशावर ठेवून मी भाषणाला गेलो. दोन तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. भिंगरीवर दगड मामानेच ठेवला, हे खोटं नाही. तू मला दोष देतेस का, एवढं विचारायला मला अकरा वर्षं धीर झाला नाही. दुसरं भाषण पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे, तेव्हा लोकांना काहीतरी सांगावं लागेल.

उत्तर कसंही असलं तरी पाठव.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. चूकच आहे. तुझं पत्र वाचेपर्यंत मला ती दिसलीही नव्हती. तिचा बाप ती रांगत असतानाच गेला. बूट कुणी बांधले, पाढे कुणी घेतले, तर तूच. बाप म्हटलं की माझा हात मामाच लिहिणार.

पण तू विचारलंस तर खरं सांगते. दोष दिला, पहिली दोन वर्षं अगदी मनापासून दिला. आणि ते दोष देणं खोटं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात, भिंगरी तुझ्याकडे असताना, दवाखान्यात तुझी चिठ्ठी आली होती. भिंगरीचं अंग कोमट लागतंय, भाषण रद्द करू का, असं तू विचारलं होतंस. मुलांना ताप यायचेच, शंभर माणसं खोळंबतील, तू जा, असं मीच आणणाऱ्याच्या हाती उलट चिठ्ठी देऊन कळवलं. पुढे साऱ्या नातेवाइकांनी तुला बोल लावले तेव्हा मी मूग गिळून बसले. तूही माझी ती चिठ्ठी कुणाला दाखवली नाहीस. ती दाखवली असतीस तर मला सोपं गेलं असतं, असं कधीकधी वाटतं. दादा, मला माफ कर.

लोकांना माझी चूक म्हणून सांग.

धाकटी

४ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ. तुझी ती चिठ्ठी मी भिंगरी गेल्यावर तिसऱ्याच दिवशी जाळली, तुझ्या हाती पुन्हा लागू नये म्हणून. पण मला ती तोंडपाठ आहे आणि तू एक वाक्य गाळलं आहेस. तिला विचार आणि मग जा, असं तू लिहिलं होतंस.

मी विचारलं होतं. ती नको म्हणाली. माझी बाही धरून ठेवली होती, ती मी सोडवली. तासाभरात येतो म्हणालो. भाषण संपल्यावर एका गृहस्थांनी भाषांतराविषयी फार चांगला प्रश्न विचारला. मी रंगलो. घरी पोचायला तीन तास झाले. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, तुला तर नाहीच.

तेव्हा माफी मागू नकोस. दहा तारखेला मी चूक दुरुस्त करून बाप असंच वाचेन, कारण दगडावर तसंच आहे.

लोभ असावा, असं लिहायचा हक्क मला आज वाटत नाही. उरला असेल तर तसं कळव.

दादा