नानांची डाकोटा

महाड

प्रिय उज्वला,

रविवारी तुझा फोन आला की नाना भरभरून बोलतात, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून मी तो त्यांच्या कानाशी धरून उभी असते. त्यामुळे हे फोनवर सांगणं शक्यच नाही. लिहिते.

गेल्या महिन्यात पुण्याहून जुनी विमानं जतन करणारा यशराज नावाचा एक जण घरी आला होता. नाना ज्या डाकोटावर फिटर होते, ते विमान त्याच्या मंडळींनी गवतातून काढून पुन्हा उभं केलंय. उडणार नाही, पण इंजिनं सुरू होतात. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. नानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "हीच ती. म्हातारी झाली, पण नाक अजून वरच आहे हिचं." त्या दिवशी भाकरी करायला आलेली ठमाबाई मला हळूच म्हणाली, "नानांचा चेहरा बग गो, लग्नाला निघाल्यागत हाय."

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दुसऱ्या महायुद्धात ती आसामात आली, ब्रह्मदेशाच्या डोंगरांपलीकडे तांदळाची पोती न्यायची, येताना जखमी शिपाई आणायची. युद्ध संपल्यावर नानांच्या विमान कंपनीने घेतली, लोखंडी बाक काढून गाद्यांच्या खुर्च्या बसवल्या, खिडक्यांना पडदे लावले आणि मुंबई-बेळगाव-गोवा अशी फिरवली. नाना नोकरीला लागले तेव्हाही तळाच्या पत्र्याखाली तांदळाचे दाणे सापडायचे म्हणे. पुढे जेट विमानं आली, हिच्यात नुसतं सामान भरू लागले, आणि शेवटी एका धावपट्टीच्या कडेला सोडून दिली. हे सगळं नाना रोज नव्याने सांगतात. आईच्या आजारपणाबद्दल ते एवढं कधी बोलले नाहीत गं.

पोलादपूरला असताना नाना दोन-दोन महिन्यांनी एस.टी.तून उतरायचे ते आठवतं? अंगाला तेलाचा वास. आई पाणी काढून द्यायची आणि ते "ती" कशी खोकते, "तिला" कुठला पार्ट मिळत नाही, ते सांगत बसायचे. मला त्या विमानाचा राग यायचा. पण तो राग काहीच नव्हता.

कारण मग ती शेवटची प्रवासी फेरी आली. नानांना घरातलं एक माणूस नेता येणार होतं. त्यांनी तुला नेलं. मला म्हणाले, "कालिंदी मोठी आहे, तिला समजतं." मला काहीच समजलं नव्हतं. त्या दिवशी मी सकाळपासून अंगणात मान वर करून उभी होते. आभाळ भरलेलं, विमान काही दिसलं नाही. तू परत आलीस ती फ्रॉकच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या घेऊन. आळीभर सांगत सुटलीस, वरून सावित्री नदी दिसली, आपलं घर दिसलं, ताई हात हलवत होती. उज्वला, मी हात हलवलाच नव्हता.

तू लहान होतीस, तुझी चूक नाही. पण आजही नाना ती गोष्ट सांगतात, तुझ्या शब्दांत, त्या हलवलेल्या हातासकट. त्यांची नखं मी कापते, रात्रीची गोळी मी देते, आणि ओटीवर शेजारीपाजारी जमले की ते सांगतात तुझ्याबद्दल.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात पुण्यात त्या विमानाची इंजिनं लोकांसमोर सुरू करणार आहेत. तेव्हा नानांना आत, वैमानिकामागच्या जागेवर बसवतील, आणि सोबत घरातलं एकच माणूस. यशराजने विचारलं, कोण येणार? मी तिथेच चहा घेऊन उभी होते. नाना म्हणाले, "उज्वलाला विचारतो." या रविवारी ते तुला विचारतील. तू बंगळूरहून एका दिवसात येऊ शकतेस, हे मला माहीत आहे. सुट्टी नाही म्हण, गुडघा दुखतोय म्हण, काहीही सांग. माझ्यावर रागावलीस तरी चालेल. पण हो म्हणू नकोस.

तुझीच,
कालिंदीताई