गाडी कोण चालवत होतं

नारायणगुडा, हैदराबाद
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

आयुष्यमती दीक्षा हिस,
नागोराव आणि सखू या दोघांचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुझ्या सासूचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता ऊन वाढलं तसा तोही गप्प बसलाय. आपली लाल गाडी झकास आहे. दर रविवारी धुतो, चारही चाकांची हवा बघतो आणि विहारापर्यंत नेऊन आणतो. वरच्या मजल्यावरचे एकनाथराव परवा म्हणाले, "सोनकांबळे, गाडी चालवायला घेतली का नुसती आंघोळ घालायला?" मी म्हटलं, चौतीस वर्षं सरकारची गाडी पुसली, आता स्वतःची पुसतोय. हाताची सवय सुटत नाही, त्याला काय करावं.

सासऱ्यानं सुनेला कागदावर पत्र लिहावं, तेही या दिवसांत, याचं तुला नवल वाटेल. पण डिसेंबरात फोनवर मी जे बोललो, त्यानंतर तुला फोन लावायची छाती होत नाही. दुसरंही एक कारण आहे. आमच्या चिरंजीवांना, आदर्शला, मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शाळेत इंग्रजी आणि तेलुगू झालं, मराठीचं अक्षराला अक्षर जोडता जोडता त्याला संध्याकाळ होते. तू नांदेडची, मराठी शाळेतली. म्हणजे हे पत्र तुलाच त्याला वाचून दाखवावं लागणार. तो रुसून बसला असेल तरी समोर बसव. मधलं काही गाळू नकोस. बाबांचा हुकूम आहे म्हणावं.

गेल्या उन्हाळ्यात डर्बीला तुमच्याकडे दोन महिने राहून आलो, त्याच्या गोष्टी मी अजून विहारात सांगत असतो. लोकांना वाटतं, हा राणीचा वाडा बघून आला असेल. मी आपला रस्तेच बघून आलो. जाण्याआधी मला वाटलं होतं, वाईट गाडी चालवणं ही फक्त आपल्या हैदराबादची मिरास. कुठलं काय! तिथलेही गोल चौकात इंडिकेटर न देता निवांत वळतात. मोठ्या रस्त्यावर डावीकडची लेन रिकामी टाकून मधल्या लेनीत ठाण मांडून बसतात. फुटपाथवर दोन चाकं चढवून गाडी लावतात, मग बाबागाडीवाल्या बाईनं जायचं कुठून? सिग्नलला थांबले की मान खाली, मोबाइल मांडीवर. फरक एवढाच की तिथे हॉर्न वाजत नाही. आणि कुणी वाट दिली की हात वर करून आभार मानतात, ते मात्र मला फार आवडलं. इथे आल्यावर मी आबिड्सच्या चौकात एका ऑटोवाल्याला तसा हात केला, तर तो म्हणाला, "क्या चाचा, कुछ होना क्या?" त्याला वाटलं, मला काही पाहिजे.

आदर्शच्या शेजारी बसलो की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. ब्रेक त्याच्याकडे, पाय माझा. तो पुढच्या गाडीच्या इतका मागे चिकटायचा की तिच्या काचेतलं लेकराचं खेळणं मला ओळखू यायचं. तुझ्या शेजारी बसलो तेव्हा मात्र एकदा मला चक्क डुलकी लागली. ड्रायव्हर माणसाला दुसऱ्याच्या गाडीत झोप लागणं ही केवढी पावती असते, ते आमच्या धंद्यातल्याला विचार. लग्नानंतर दोन महिने नारायणगुड्याच्या गल्ल्यांतून मी तुला शिकवलं. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. तिकडची परीक्षा तू पहिल्या झटक्यात पास झालीस. आमच्या दहा वर्षं गाडी हाकलेल्या शहाण्याला तिसरी खेप लागली. हे मी सगळ्यांना सांगतो. आदर्श, तूही ऐकतोयस ना? रागावू नकोस, खरं आहे ते.

आता विषयावर येतो. इतका वेळ फिरवून आणतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आदर्शच्या लायसनवर आधीच दंडाचे नऊ पॉइंट होते. गाडी चालवताना मोबाइल हातात घेतल्याचे सहा, वेगाचे तीन. नोव्हेंबरात ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर तो सदतीसनं गेला आणि कॅमेऱ्यानं टिपलं. गाडी तुझ्या नावावर, म्हणून पोलिसांचा कागद तुला आला. त्यात एकच प्रश्न, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? बारा पॉइंट झाले की सहा महिने लायसन बंद. आदर्शचं काम गावोगावच्या लिफ्ट तपासायचं, गाडीशिवाय नोकरीच धोक्यात. तुझं लायसन कोरं. तो म्हणाला, तुझं नाव टाक, तीन पॉइंटनं तुला काय होतंय. तू नाही म्हणालीस. त्यानं मला फोन केला आणि मी तुला.

मी काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. घरातली गोष्ट घरात मिटव, म्हणालो. नवऱ्याला कोर्टात उभं करणारी सून आमच्या सात पिढ्यांत झाली नाही, असंही म्हणालो. तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "बाबा, तुम्हीच शिकवलं होतं. चूक झाली की आधी गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि सांगायचं, मी चालवत होते." मी फोन ठेवला. तू त्या कागदावर आदर्शचं नाव लिहिलंस, जानेवारीत त्याचं लायसन गेलं. आता त्याला ऑफिसात बसवलंय, आणि तू सकाळी दवाखान्याच्या ड्युटीआधी त्याला स्टेशनवर सोडतेस. तो बाजूला तोंड फुगवून बसतो, हे सखूला त्यानंच सांगितलं. नोकरी राहील की नाही ठाऊक नाही. तुमच्या दोघांत बोलणं राहील की नाही, याची आम्हाला जास्त काळजी आहे.

पोरी, माझं चुकलं. मी तुझी माफी मागतो. मनातली नव्हे, कागदावरची, सहीनिशी. आणि मी तुला जे शिकवलं ते मी स्वतः केलेलं नव्हतं, हेही आज सांगतो.

आदर्श, हे तुला ऐकवायचं आहे.

तू तिसरीत होतास. क्वार्टरमधली पोरं तुला "तेरे बाप ने बुड्ढे को उडाया" म्हणून चिडवायची, तू मारामारी करून शर्ट फाडून यायचास. त्या दिवशी फोनवरही तू मला म्हणालास, "तुम्ही तर माणूस उडवला होता, तरी नोकरी राहिलीच ना?" तू सव्वीस वर्षं तेच धरून चाललास. मी तुला तसंच धरू दिलं.

रविवारची सकाळ होती, साडेसहा वाजले असतील. मी ज्यांची गाडी चालवायचो त्या साहेबांची आई गावाकडून बसनं यायची होती, तिला आणायला आम्ही खात्याच्या जीपनं निघालो. साहेब म्हणाले, "नागोराव, आज तुम आराम से बैठो, गाडी मैं चलाता." मी बाजूला बसलो. साहेब गाडी चालवतायत आणि मी शेजारी! आमच्या गावात माझ्या बापाला ज्यांच्या ओट्यावर बसू देत नव्हते, तसल्या घरचे साहेब. माझी छाती फुगली होती. कुणी ओळखीचं भेटावं आणि त्यानं बघावं, म्हणून मी रस्त्यावर नजर फिरवत होतो.

अफझलगंजला ग्रंथालयासमोर एक म्हातारे चाचा सायकलवरून वळत होते. साहेबांनी ब्रेक उशिरा दाबला. सायकल चाकाखाली आणि चाचा रस्त्यावर. दुकानं बंद, माणूस नाही. साहेबांनी मागेपुढे बघितलं. "नागोराव, तुम इधर आ जाव. मेरी नौकरी का सवाल है. तुमको कुछ होने नहीं देता मैं." माझी नोकरी कायम झाली होती ती याच माणसाच्या सहीनं. मी खाली उतरलो, साहेब आतूनच माझ्या जागेवर सरकले, मी बॉनेटला वळसा घातला आणि स्टेअरिंगमागे बसलो. सीट अजून गरम होती. मग साहेब उतरले, मग मीही पुन्हा उतरलो आणि चाचांना उचललं. आधी जागा बदलली, माणूस नंतर उचलला. मला खोट्या जबाबाइतकीच याचीही लाज वाटते.

ठाण्यात विचारलं, "गाडी कौन चला रा था?" मी म्हटलं, "मैं, साब." तीन महिने लायसन बंद झालं. नोकरी राहिली. दर २६ जानेवारीला विनाअपघात ड्रायव्हरांना प्रशस्तिपत्र मिळायचं, त्या यादीत माझं नाव पुन्हा कधी आलं नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून कोंबडीचं पिल्लूसुद्धा दगावलं नाही, आदर्श. हे मला छाती ठोकून सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

चाचांचा पाय मोडला होता. तुझी आई दीड महिना रोज दवाखान्यात डबा घेऊन गेली. नवऱ्याच्या हातून घडलंय, म्हणून जाते, असं मी समजत होतो.

आज सकाळी विहाराला निघण्याआधी मी तिला सगळं सांगितलं. गाडीत बसूनच सांगितलं, दोघंही पुढे बघत. तिनं खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बेटी, तेरा आदमी तो बाजू में बैठा था, मैं अपने आँखां से देखा. पण बडे लोगां से कौन उलझना, नक्को, असं म्हणाले."

"मग तू डबा कशाला नेत राहिलीस?"

"त्यांना भूक लागायची म्हणून," ती म्हणाली. "आणि तुम्ही कधीतरी सांगाल म्हणून थांबले. तुमची गोष्ट मी कशी सांगू? वंदनेत चौथ्या शीलाला तुमचा आवाज बसतो. खोटं बोलणार नाही म्हणायची वेळ आली की नेमका खोकला. सव्वीस वर्षं तो खोकला ऐकतेय मी." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "माझं जाऊ द्या. पोराला मात्र सांगायला पाहिजे होतं. लेकरू बापासाठी मार खाऊन यायचं."

आदर्श, तिचं खरं आहे. मला तुझी आणखी वेगळी माफी मागायची आहे.

आज विहारात वंदना मीच म्हटली. चौथ्या शीलाला आवाज खणखणीत लागला. मागे वळून बघितलं तर सखू स्वतःचा चष्मा सारखा करत होती, तेवढंच. पण मला कळलं.

दीक्षा, गेले दोन महिने मी स्वतःला विचारत होतो, तुझा राग मला एवढा का आला. तुझ्यापुढे कागद आला, तुझ्यावरही घरच्यांचं दडपण आलं, वर माझ्यासारखा म्हातारा फोनवर ओरडला. तरी तू जागा बदलली नाहीस. जे मला जमलं नाही ते माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरीनं केलं. पोरी, मला तुझा अभिमान वाटतो. साहेबांच्या शेजारी बसून छाती फुगली होती, तो अभिमान रस्ता संपायच्या आत गेला. हा मी मरेपर्यंत सांभाळीन. उद्या एकनाथरावांना, विहारात सगळ्यांना सांगणार आहे की माझ्या सुनेनं खरं नाव लिहिलं. आणि माझंही सांगणार आहे.

आदर्श, तू सध्या तिच्या बाजूला बसतोस. बस. त्यात कमीपणा नाही. चूक तू केलीस, दंड तू भोगतोयस, हिशेब सरळ आहे. पुढेमागे तुझा मुलगा कधी शर्ट फाडून घरी आला तर त्याच्यापासून लपवण्यासारखं तुझ्याकडे काही नसेल, ते हिच्यामुळे. सकाळी स्टेशनवर उतरताना, तिथले लोक करतात तसा, तिला एकदा हात वर करून दाखव. एवढं माझ्यासाठी कर.

हे पत्र उद्या मी स्वतः आबिड्सच्या पोस्टात जाऊन टाकणार आहे. तुमच्याकडच्या त्या कागदासारखा कागद मला कुणी पाठवला नाही, म्हणून तो इथेच भरतो.

वाहन : खात्याची पांढरी जीप.
जागा : अफझलगंज, ग्रंथालयासमोर.
दिवस : रविवार, १४ नोव्हेंबर १९९९.
गाडी कोण चालवत होतं : साहेब. मी बाजूला बसलो होतो.

वरील मजकूर खरा आहे.

तुमचा बाबा,
नागोराव सोनकांबळे
ड्रायव्हर, चौतीस वर्षं, विनाअपघात