एक केस सोड

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

इंजिन जोडून झालं. चालत नाही. वाईट बातमी आधी सांगून टाकली, आता सावकाश लिहितो.

पिस्टन नसतो तर आत असतं तरी काय, असं तू विचारलं होतंस. कंबरेत जरा दाबलेलं अंड्यासारखं घर, आणि त्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण. त्रिकोणाच्या टोकांना खाचा, खाचेत बिडाच्या बारीक पट्ट्या, पट्टीमागे स्प्रिंग. पट्ट्या भिंतीला चिकटून राहिल्या तरच आतला दाब टिकतो. घर आणि त्रिकोण भंगारातून उचलले. झिजलेल्या खाचा मी बाबांच्या लेथवर नव्याने कापल्या, पट्ट्याही घडवल्या.

पट्टी खाचेत किती सैल ठेवायची ते मला तोंडपाठ. बाबा जन्मभर सांगत आले, एक केस सोड. मी मिशीतला एक उपटला आणि तेवढी फट ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, पण इंजिन नुसतंच खोकतं. दाब धरतच नाही.

आपलं ठरलंय ते लक्षात आहे. वर्ष संपेपर्यंत हे गाडीत बसून रस्त्यावर धावलं नाही, तर बाबांचं लेथ मशीन विकायचं, शेड रिकामी करायची आणि भावोजींनी पाहिलेली नोकरी धरायची. मी शब्द फिरवणार नाही. फक्त बाबांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. वाचा जाण्याआधी ते या इंजिनाला चक्की म्हणायचे. ती थट्टा होती की नापसंती, हे मला अजून कळलेलं नाही.

चिमणीला मामाकडून गालगुच्चा. लोभ आहेच, त्याचा तरी दाब सुटू देऊ नये.

तुझा,
बारक्या

११ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक उ. आ.

अरे शहाण्या, मिशीचा केस? तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवत होते. मिशीपाशी आले आणि बाबा हसले. आवाज नाही, पण खांदे गदगदा हलत होते. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मला रडू फुटलं, तर भावोजी तुझे स्वयंपाकघरातून धावत आले.

‘एक केस’ म्हणजे कुठलाही केस असं तुला वाटत आलं, यात तुझा दोष नाही. तू तेव्हा पाळण्यात होतास. मी शाळेतून थेट शेडमध्ये जायचे आणि लेथशेजारी बसून गृहपाठ करायचे. बाबा मागून येऊन वेणीतला एक केस उपटायचे आणि फटीत सरकवून बघायचे. मी किंचाळायचे. त्यांचं माप म्हणजे माझा तेव्हाचा रेशमासारखा केस होता रे. तुझी मिशी म्हणजे कुंचला.

पत्र संपल्यावर त्यांनी डाव्या हाताने माझी वेणी ओढली, एक केस चिमटीत धरून पाहिला आणि टाकून दिला. पिकून राठ झालेत ना. मग चिमणीला जवळ बोलावलं. तिचा उपटलेला केस सोबत चिकटवून पाठवते आहे. ती दिवसभर फुरंगटून बसली होती.

उजवा हात उचलत नाही, म्हणून डॉक्टर त्यांना डाव्या हाताने लिहायला सांगतात, पण दोन रेघा ओढल्या की पेन्सिल भिरकावतात. हट्टीपणा तू कुठून घेतलास ते समोरच दिसतं. जेवत जा. राग आला तर पत्रात लिहावा, पोटात ठेवू नये.

तुझी,
ताई

२७ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खाच कापली की पुन्हा अरुंद होत नाही, म्हणून पट्ट्याच जाड घडवल्या. चिमणीचा केस जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवली. ताई, इंजिन चाललं! धडधड नाही, हिसके नाहीत, एकसारखा घुमता आवाज. मी एकटाच शेडमध्ये वेड्यासारखा ओरडत होतो.

थोड्या वेळाने आवाज बसत गेला आणि ते बंद पडलं. उघडलं तर पट्ट्यांमागच्या स्प्रिंगा तापून मऊ पडल्या होत्या. जुन्या सामानातून बनवल्या होत्या, त्या टिकल्या नाहीत. चांगल्या मिळवायला वेळ लागेल आणि वर्ष तर संपलं. ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक रविवारी लेथ बघायला येतंय. मी ते पुसून ठेवलं आहे. पुसताना फार वाईट वाटलं. बाबांना तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही. पण ते चाललं होतं, हेही सांग.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
बारक्या

३० डिसेंबर

चि. बारक्यास,
अनेक उ. आ.

हे पत्र भावोजी स्वतः घेऊन येत आहेत, कारण टपाल रविवारपर्यंत पोचलं नसतं. नोकरीचं ते बघून घेतील, त्याची काळजी करू नकोस.

तुझं पत्र बाबांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग चिमणीची पेन्सिल मागितली. ओळी पूर्ण व्हायला सगळी सकाळ गेली, मध्येच घाम पुसून दिला, पण या वेळी पेन्सिल भिरकावली नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे. मी हात लावलेला नाही. खाली आहे ते सगळं त्यांचं.

चक्कीची स्प्रिंग बदल.
लेथ विकू नको.
मिशी काढ.