‘व त्यांच्या नातेवाईकांसही’

लिहून ठेवणार सिराजोद्दीन, वय ७४, धंदा अर्जलेखन, राहणार भोकरदन. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव या कागदाने मीच आणणार आहे.

१. राहते घर मुलगी सबा हिच्याकडे राहील. टाइपरायटर बद्रीनाथला द्यावा. तहसीलसमोर तीस वर्षे शेजारी बसून त्याने माझा कार्बन वापरला, आता मशीनही वापरू दे.

२. दर्ग्यालगतची माझी खोली दर्गा कमिटीला यात्रेकरूंसाठी हवी आहे. शरियतप्रमाणे मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत वारसांबाहेर देता येते, खोली त्यात बसते. देतो, पण अटीवर.

सात वर्षांपूर्वी दर्गा कमिटी व मंदिर ट्रस्टने मिळून दिल्लीला निवेदन पाठवले: शेजारच्या देशातून उरुसाला येणाऱ्यांना व्हिसा देऊ नये. मसुदा माझा. अर्जात पळवाट ठेवायची नाही ही माझी खोड, म्हणून कोणी न सांगता ‘व त्यांच्या नातेवाईकांसही’ असे जोडले. सगळ्यांनी वाहवा केली. अशी निवेदने गावोगावच्या धर्मसंस्थांकडून गेली आणि सरकारने ती मानली.

माझी बहीण अजीजुन्निसा कराचीत दिलेली आहे; तिच्या सासरची माणसे उरुसाला येत असत. तिचा व्हिसा दोनदा नाकारला. कारणात धार्मिक संस्थांची मागणी आणि पुढे माझेच शब्द. तिने फोनवर वाचून दाखवले, “भाई, ऐसा कौन लिखा होंगा?” मी म्हणालो, आवाज नीट येत नाही. मला याची लाज वाटते. अम्मीची कबर तिने अजून पाहिलेली नाही.

कमिटीचे अध्यक्ष रिजवान यांना दोनदा विनवले. म्हणाले, “चाचा, आता ते वाक्य काढलं तर लोक आपल्याकडंच बोट दाखवतील. मंग जवाब कोन देनार?”

म्हणून अट: माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत दोन्ही संस्थांच्या अध्यक्षांनी ते शब्द मागे घेणारे निवेदन सही करून दिल्लीला पाठवावे. न पाठवल्यास खोली वारसांकडेच राहील व सबा तिला कुलूप लावील.

३. ते शब्द कोणाचे, हे बहिणीला मी आज संध्याकाळी स्वतः सांगणार आहे. ते काम वारसांवर टाकत नाही.

मंदिर ट्रस्टचे अध्यक्ष काकासाहेब साक्षीला बसले तेव्हा म्हणाले, “मागच्या टायमाला न वाचता सही केल्ती, सिराजभाई. आज पूर्ण वाच.” मी पूर्ण वाचले.

ठिकाण: भोकरदन, जि. जालना
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

सही: सिराजोद्दीन
साक्षीदार: १. काकासाहेब २. बद्रीनाथ

सोबत: नव्या निवेदनाचा मसुदा, एक पान. सह्या दोन हव्यात. काकासाहेबांची झाली आहे.