दोन्ही कप्प्यांत जस्त

सूनबाई, जरा या चिठ्ठीजवळ बस, एक गोष्ट सांगतो.

एका पोल्ट्रीत एक सून होती, मोठी चौकस. खाद्यात जस्ताची पावडर मिसळली तर कोंबडीचं कातडं चिवट होतं का, पिसं काढताना फाटायचं थांबतं का, हे तिला बघायचं होतं. म्हणून शेडच्या उजव्या कप्प्यातल्या कोंबड्यांना पावडर, डाव्यातल्यांना नाही. आणि खाद्य घालायचं काम दिलं कीर्तनवेड्या सासऱ्याला. "बाबा, डावीकडे चिमूटभरसुद्धा नको हं," असं बजावलंही. पण एकाच पंगतीत दोन तऱ्हेचं वाढायला म्हाताऱ्याचा हात धजेना. पहिल्या दिवसापासून त्याने दोन्हीकडे सारखीच पावडर घातली.

काल कत्तलखान्यातून आकडे आले. दोन्हीकडची कातडी सारखीच. "पावडर निकामी आहे, बाबा. उद्या खाद्यवाल्यांना लिहिते," असं सून म्हणाली.

तो म्हातारा मीच. ते पत्र पाठवू नकोस, तुझ्या नावावर खोटं जाईल.

आज शेजाऱ्याच्या कोंबड्या कत्तलखान्यात पिसं काढायच्या त्याच यंत्रातून जाणार आहेत. पिल्लं एकाच गाडीतून आलेली, खाद्यही तेच, फक्त पावडर नाही. तिथे फाटलेली कातडी मोजायला गेलोय. तुझ्यासारखी काटेकोर परीक्षा नव्हे ही, पण फरक पडतो की नाही ते पाहिल्याशिवाय आता मलाच चैन पडेना. जन्मात त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

दुपारी आलो की हवं ते बोल. तोवर देवापुढे हात जोडशील तेव्हा त्या पाखरांची आठवण काढ. आपण कातडं मोजत बसलो, जीव त्यांचा गेला.