व्हर्नाचे शेवट

गुरुवार, ६ मार्च
गेले एकदाची! रस्ता निसरडा, आणि नजरेच्या मधोमध हा राखाडी डाग. म्हटलं होतं, संग्रहालयातले जुने सिनेमे आपल्यासाठी संपले. पण शेजारची व्हर्ना ऐकते कुठे! "तू कान लाव, दिसेल ते मी सांगते." मग अंधारात कानाशी अखंड कुजबुज. मागच्या रांगेतले म्हातारे हॅस्केल सारखे शू-शू करत होते. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. शेवट किती गोड होता! (जाड पेनानं लिहिते. पान लगेच भरतं.)

गुरुवार, १३ मार्च
पुन्हा शू-शू. पुन्हा गोड शेवट. तेव्हाच्या लोकांना सिनेमे काढता यायचे.

गुरुवार, २० मार्च
आज माझी चांगलीच शोभा झाली. खाणीच्या गावाचा सिनेमा. शेवटी बोलणं नाही, नुसतं संगीत. व्हर्ना म्हणाली, "तो बसमधून उतरला. पळत येतोय तिच्याकडे." मग नेहमीची चर्चा. संग्रहालयाच्या कोरिननं विचारलं, या शेवटातून तेव्हाची अमेरिका कशी दिसते? मी उभी राहिले — "परत आला ते बरं केलं त्यानं." मग मागून हॅस्केल — "बस गेली, बाई. तो उतरलाच नाही."

गाडीत मी भडकले. "दिसत नाही म्हणून वेडी समजतेस मला?" व्हर्ना म्हणाली, "तुझा एल्मर गेल्यापासून तुला बघतेय ना मी. म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी कुणी परत येऊ दे." मी विचारलं, किती शेवट बदललेस? "सगळेच. मागचा तर इतका जमला की मलाच रडू आलं."
मी हसत सुटले. नवऱ्यामागं माझी इतकी काळजी कुणी केली नव्हती.

सोमवार, ३१ मार्च
व्हर्ना गेली. लेकीकडे, ॲरिझोनाला, कायमची. तिच्या गुडघ्यांना इथली थंडी सोसत नाही. जा म्हटलं, हसून म्हटलं. देवानं अशी शेजारीण दिली, तक्रार कसली करू? पण गुरुवारी जायचं कसं, आणि कशाला?

गुरुवार, ३ एप्रिल
तरी गेले, टॅक्सी करून, एकटीच. शेवटी बोलणं थांबलं, संगीत सुरू झालं. समोर नुसता उजेड. उठणार, तेवढ्यात मागून कुणी कानाशी वाकलं. हॅस्केल. हळूच म्हणाले, "खरं सांगू, की व्हर्नासारखं?"